संघटनेच्या मेळाव्यात गैरवर्तन झालं, तर तक्रार कुणाकडे करायची?

करमाळा : डॉक्टर, वकील, शिक्षक, औषधविक्रेते, अभियंते. तालुक्याच्या ठिकाणी प्रत्येक व्यवसायाची संघटना असते. वर्षातून एखादं अधिवेशन होतं, मंगल कार्यालयात स्नेहमेळावा होतो, कधी दोन दिवसांची सहल निघते. निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांपासून भोजनाच्या वेळेपर्यंत सगळं छापलेलं असतं. एकच गोष्ट नसते : कुणी गैरवर्तन केलं, तर सांगायचं कुणाला?

हा प्रश्न वरवर छोटा वाटतो. पण इथेच कायद्यात एक फट आहे.

कायदा काय सांगतो?

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरोधात २०१३ मध्ये कायदा झाला. कामानिमित्त कर्मचारी जिथे जातात ती जागाही त्यात ‘कामाचे ठिकाण’ धरली आहे. बँकेने आपल्या महिला अधिकाऱ्याला परिषदेला पाठवलं आणि तिथे छळ झाला, तर ती बँकेच्या अंतर्गत समितीकडे दाद मागू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अशी समिती सक्तीची आहे. त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. करमाळ्याहून सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटरवर. म्हणून तक्रार स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवणारा नोडल अधिकारी तालुका पातळीवर असावा, अशीही तरतूद आहे. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते; सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात.

मग अडचण कुठे?

हा कायदा मालक आणि कर्मचारी या नात्यावर उभा आहे. स्वतंत्र दवाखाना चालवणारी डॉक्टर किंवा वकिली करणारी महिला संघटनेची कर्मचारी नसते, सदस्य असते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. बार कौन्सिल ही वकिलांची मालक नाही, त्यामुळे एका वकिलाने दुसऱ्या वकिलाविरुद्ध केलेल्या तक्रारीसाठी या कायद्याखालची समिती लागू होत नाही; व्यावसायिक गैरवर्तनाची दाद वकील कायद्यानुसार मागता येते.

गंमत म्हणजे त्याच्या तेरा वर्षं आधी सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेने पाऊल टाकलं होतं. पुण्याच्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला. वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, सनदी लेखापाल यांच्या शिखर संस्थांनी आपल्याशी संलग्न संघटनाही विशाखा मार्गदर्शक तत्त्वं पाळतील हे पाहावं, असं त्यात बजावलं होतं. म्हणजे संघटनांची जबाबदारी न्यायालयाला तेव्हाच दिसली होती. ती तालुक्यापर्यंत उतरायची राहिली आहे.

गंभीर प्रकारात पोलिसांचा मार्ग आहेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळ हा गुन्हा आहे. तातडीला ११२ आणि १८१ हे क्रमांक आहेत. पण नको असलेला शेरा, रात्री उशिरा येणारे मेसेज, गाडीत मुद्दाम शेजारी बसणं यासाठी प्रत्येक जण ठाण्याची पायरी चढत नाही. तालुक्यात तर मुळीच नाही. इथे डॉक्टर एकमेकांकडे रुग्ण पाठवतात, वकील रोज त्याच कोर्टात समोरासमोर येतात. तक्रार करणारीला आपलं कामच धोक्यात दिसतं. मग ‘आपसांत मिटवून टाकू’ होतं आणि पुढच्या वर्षी ती मेळाव्याला येत नाही.

संघटना काय करू शकतात?

• आचारसंहिता लेखी करून निमंत्रणासोबत पाठवावी. कार्यक्रम, प्रवास, मुक्काम आणि संघटनेचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळ्याला ती लागू असावी.

• तक्रार घेणाऱ्या दोन व्यक्तींची नावं आणि फोन क्रमांक जाहीर करावेत. त्यात किमान एक महिला असावी, दोघंही पदाधिकारी नसावेत. एक जण तालुक्याबाहेरचा असेल तर उत्तम.

• समज, कार्यक्रमातून बाहेर काढणं, सदस्यत्व स्थगित करणं या कारवाया वार्षिक सर्वसाधारण सभेत मंजूर करून संघटनेच्या घटनेत घालाव्यात.

• दोन्ही बाजू ऐकाव्यात, नावं गुप्त ठेवावीत.

‘खोट्या तक्रारी होतील’ ही भीती लगेच व्यक्त होते. २०१३ च्या कायद्यातच तिचं उत्तर आहे : जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाई होते, पण केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. संघटनांनी हाच नियम घ्यावा. शिवाय कायदा फक्त महिलांसाठी असला, तरी संघटनेची आचारसंहिता पुरुष सदस्यांना, नवख्या मुलांना, वाढपी आणि सफाई कामगारांनाही संरक्षण देऊ शकते.

यासाठी निधी लागत नाही, सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या निमंत्रणपत्रिकेवर भोजनाच्या वेळेखाली दोन फोन क्रमांक छापले, तरी सुरुवात होईल.