समुद्र पोटात घालत नाही

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामालगतच्या खाडीत मासे मरून वर आले. भरती सरली तेव्हा बोय, निवट्या आणि कोलंबी यांचा एक पांढरट थर चिखलावर पसरला होता आणि त्याची दुर्गंधी वेदीपर्यंत येत होती. त्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात बैठक भरली. धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्याला हातभार लावणारे एक सुशिक्षित व सुस्वभावी गृहस्थ उठले आणि शांतपणे म्हणाले, "फादर, एवढे घाबरण्यासारखे काही नाही. वसाहतीचे सांडपाणी खाडीत सोडतात, ही चूक आहे. तोच नळ आणखी चार-पाच किलोमीटर आत नेला की झाले. समुद्र एवढा मोठा, तो सारे पोटात घालतो."

बहुतेकांनी माना डोलावल्या. कोळीवाड्यातील दोन वृद्ध मात्र खाली पाहत बसून राहिले. आम्ही अध्यक्षस्थानी होतो आणि आम्हीही गप्प राहिलो. ते मौन आम्हांला बोचत राहिले, म्हणून त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर आज येथे देत आहोत. ते रागावणार नाहीत अशी आशा आहे; रागावले तरी हरकत नाही.

आपल्या भाषेत 'पोटात घालणे' याचे दोन अर्थ होतात. एक गिळणे, दुसरा क्षमा करणे. आई लेकराचे अपराध पोटात घालते. आमच्या मित्राने एकाच वाक्यात समुद्राकडून दोन्ही कामे करवून घेतली: तो घाण गिळेल आणि गिळल्यावर विसरूनही जाईल. यांतले पहिले कोणताही समुद्र करतो. दुसरे तो करीत नाही, याचा दाखला ज्या गावाने आपल्या मुलांच्या शरीरांवर वाहिला, त्या गावाची हकीकत प्रथम ऐकावी.

जपानच्या क्युशू बेटाच्या पश्चिमेस शिरानुई नावाचा, बेटांनी वेढलेला, तळ्यासारखा शांत समुद्र आहे. त्याच्या काठी मिनामाता हे गाव. पुढे चिस्सो या नावाने जगाला माहीत झालेल्या कंपनीचा कारखाना तेथे होता. १९३२ पासून तेथे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनू लागले. त्या प्रक्रियेत उत्प्रेरक म्हणून पारा वापरीत. त्यातला काही अंश मिथिल पारा या सेंद्रिय रूपात बदले आणि सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदराच्या बाजूने आखातात जाई. १९६८ पर्यंत सर्व रूपांत मिळून किती पारा गेला याचे अंदाज ७० टनांपासून १५० टनांपर्यंत आणि त्याहून पुढेही जातात.

समुद्राने तो गिळला. प्रथम शिंपले नाहीसे झाले, मग मासे हाताने धरता येतील इतके सुस्त होऊन पृष्ठभागावर तरंगू लागले. उडते कावळे खाली पडत. मांजरे गिरक्या घेत, तोंडातून फेस काढीत आणि पाण्यात जाऊन पडत. १९५४ च्या ऑगस्टमध्ये एका स्थानिक वृत्तपत्राने बातमी छापली की एका कोळीवस्तीतील मांजरे जवळजवळ सगळी मेली असून उंदीर माजले आहेत. बातमीचा सूर गमतीचा वाटावा असा आहे. दोनच वर्षांनी, १९५६ च्या एप्रिलमध्ये, सहा वर्षांचीही नसलेली एक मुलगी कारखान्याच्या रुग्णालयात आणली गेली. तिला धड चालता येत नव्हते, बोलता येत नव्हते. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली, मग शेजारची मुले. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी मज्जासंस्थेच्या अज्ञात रोगाची सूचना सरकारी आरोग्य केंद्राला दिली. रोग सांसर्गिक असल्याच्या समजुतीने घरांवर जंतुनाशके फवारली गेली आणि दुकानदार त्या घरांतील माणसांच्या हातून पैसे घेईनासे झाले.

आता आमच्या मित्राच्या गणिताकडे वळू. मूठभर मीठ घागरीत टाकले तर पाणी खारट होते, विहिरीत टाकले तर चवही लागत नाही. हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे आणि मिठापुरते खरेही आहे. मिथिल पारा मिठासारखा वागत नाही. तो जिवंत शरीरातल्या प्रथिनांना, त्यांतल्या गंधकाला जाऊन चिकटतो. अन्नातून आला की आतड्यातून जवळजवळ सगळाच रक्तात जातो आणि बाहेर पडताना मात्र कमालीचा आळस करतो. माणसाच्या अंगातला निम्मा जाण्यास सुमारे ७० दिवस लागतात, माशाच्या अंगातून त्याहूनही कितीतरी जास्त. पाण्यातील सूक्ष्म जीवांत तो शिरतो, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत वाढतो, लहानांना खाणाऱ्या मोठ्यांत आणखी वाढतो. शेवटच्या मोठ्या माशाच्या मांसात त्याचे प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या दहा लाख पटींवर जाऊ शकते. पाण्याचा नमुना घेणारा अधिकारी बाटली उजेडात धरून 'काही नाही' म्हणेल आणि ते पाण्यापुरते खरे असेल. तेवढ्या वेळात समुद्राने विरलेले विष वेचून, गोळा करून, ताटात आणून ठेवलेले असते. ते शिजवून जात नाही, खारवून जात नाही, उन्हात वाळवूनही जात नाही.

जो पारा साध्या रूपात तळाशी बसला, तोही तेथे निजून राहत नाही. चिखलातले जिवाणू त्याचेच मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. मिनामाताच्या नळाच्या तोंडाशी १९५९ मध्ये चिखल तपासला, तेव्हा टनामागे सुमारे २ किलो पारा सापडला होता.

आणि हे ताट कोणाचे? मोठ्या हुद्द्यावरचा माणूस आठवड्यातून एकदा मासा खातो. (शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून सुरमईवर ताव मारणाऱ्यांत आम्हीही आहोत.) कोळी तिन्ही त्रिकाळ मासाच खातो, आणि विकून उरलेला खातो. मिनामातात प्रथम बळी पडली ती हीच घरे.

सर्वांत कठीण गोष्ट नाळेची आहे. गर्भवेष्टन बाळाला विषापासून वाचवते, असे त्या काळचे वैद्यक मानी. मिनामातात मात्र जन्मतःच पंगू मुले दिसू लागली. त्यांच्या आयांना हातपाय बधिर होण्यापलीकडे फारसे काही होत नसे. १९६२ मध्ये ही मुले याच रोगाची असल्याचे मान्य झाले. गर्भ आईच्या अंगातले विष आपल्याकडे ओढून घेत होता. आई काहीशी वाचत होती ती बाळाच्या जिवावर. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत ती वाळवून लहानशा लाकडी डबीत जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हारादा यांनी घरोघर जाऊन या डब्या मागितल्या. आयांनी त्या दिल्या. कारखान्याचे उत्पादन ज्या वर्षांत वाढले, त्याच वर्षांच्या नाळांत मिथिल पारा वाढलेला आढळला. समुद्र विसरेल म्हणणाऱ्याने त्या डब्यांचा विचार करावा.

आईने आपल्या पंगू मुलीला कवेत घेऊन न्हाऊ घातल्याचे, यूजीन स्मिथ यांनी १९७१ मध्ये घेतलेले छायाचित्र जगभर गेले. क्रुसावरून उतरविलेल्या पुत्राला मांडीवर घेतलेली मरिया अनेकांना त्यात दिसली. मुलीच्या निधनानंतर तिला आता विश्रांती मिळावी, अशी कुटुंबाची इच्छा झाली आणि त्याचे प्रकाशन थांबविण्यात आले. म्हणून येथे आम्ही अधिक वर्णन करीत नाही.

पण आमचा खरा वाद रसायनाशी नाही, तो दोन सोयीस्कर वाक्यांशी आहे. पहिले वाक्य 'नळ लांब न्या' हे. मिनामातात ते अमलात आले होते. १९५८ च्या सप्टेंबरात कंपनीने सांडपाण्याचे तोंड ह्याक्केनहून हलवून मिनामाता नदीच्या मुखाशी नेले. तेथे प्रवाह मोठा, पाणी मोकळे. पुढच्याच वर्षापासून जेथे आजवर रोगी नव्हता अशा नव्या वस्त्यांत रोगी निघू लागले. कारखान्याने जणू विषाचे वाटप अधिक न्याय्य केले!

दुसरे वाक्य 'सिद्ध कुठे झाले आहे?' हे. १९५७ मध्ये मिनामाता आखातातील मासळी विकण्यास अन्नकायद्याने बंदी घालावी काय, असे कुमामोतो प्रांताने केंद्राच्या आरोग्य खात्याला विचारले. उत्तर आले की आखातातील सर्वच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, सबब कायदा लागू करता येत नाही. सर्वच! एका हंडीतला निम्मा भात विषारी असल्याचे ठाऊक असताना कोणती आई पंगत वाढील? जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. लगेच रसायन उद्योगाच्या बाजूने युद्धकाळात समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्याचा सिद्धान्त आला, मग नासक्या माशांतील द्रव्यांचा आला. दरम्यान डॉ. होसोकावा अन्नात थेट कारखान्याचे सांडपाणी कालवून मांजरांना देत होते. ७ ऑक्टोबर १९५९ रोजी चारशे क्रमांकाच्या मांजराला रोग जडला. कंपनीने तो निष्कर्ष दडवला आणि प्रयोग थांबविला. म्हणजे 'सिद्ध करा' असे जगाला म्हणणाऱ्यांच्या कपाटात सिद्धता कुलूपबंद होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शुद्धीकरण यंत्राचे थाटाने उद्घाटन झाले; पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी ते यंत्र बनलेलेच नव्हते. आणि ३० डिसेंबरला रोग्यांशी 'सांत्वनपर' करार झाला: प्रौढाला वर्षाला १ लाख येन, मुलाला ३० हजार, आणि पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी अधिक मागणार नाही, अशी हमी. उपाशी माणसांनी सह्या केल्या. १९७३ च्या मार्चमध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले आणि हा करार नीतिविरुद्ध म्हणून रद्द केला. डॉ. होसोकावांनी आपली साक्ष १९७० मध्ये मरणशय्येवरून दिली होती. अकरा वर्षे उशिरा दिली, हेही आम्ही नोंदवून ठेवतो. अध्यक्षस्थानी गप्प बसणे म्हणजे काय, ते आम्हांस समजते.

तुम्ही म्हणाल, कंपन्या आणि सरकारे अशीच असतात. मग गावाचे ऐका. नोव्हेंबर १९५९ मध्ये कोळ्यांनी कारखान्यावर धडक मारली, मोडतोड झाली. त्यानंतर काही दिवसांतच मिनामाताचे नगराध्यक्ष, नगरसेवक, व्यापारी मंडळ, कामगारांचे प्रतिनिधी, अशी गावातली प्रतिष्ठित मंडळी प्रांताच्या राज्यपालांकडे गेली आणि सांडपाणी बंद करू नका, अशी विनंती केली. पाणी थांबले तर कारखाना थांबेल, कारखाना थांबला तर गाव मरेल. ती सारी आपल्यासारखीच माणसे होती, संसारी, हिशेबी, मुलांच्या नोकऱ्यांची काळजी करणारी. आपल्या बैठकीत ज्यांनी माना डोलावल्या, त्यांनी त्या शिष्टमंडळात आपली जागा कोणती असती, हे पाहावे. कारखान्याच्याच एका कामगार संघटनेने १९६८ च्या ऑगस्टमध्ये ठराव करून म्हटले की रोग्यांच्या बाजूने आजवर लढलो नाही, याची आम्हांला लाज वाटते. त्याआधी १९६५ मध्ये निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी, दुसऱ्या कंपनीच्या तशाच कारखान्याखाली, तोच रोग पुन्हा निघाला होता. पहिल्या गावाचे वेळीच ऐकले असते तर दुसरे वाचले असते.

नोकऱ्यांचा प्रश्न खोटा नाही. वसाहतीत आमच्याच धर्मग्रामाची मुले कामाला आहेत आणि त्यांच्या पगारावर या चर्चचे छप्परही शाकारले गेले आहे. पण हिशेबच करायचा तर पुरता करावा. मिनामाताचा विषारी गाळ उपसून पुरण्याचे काम १९७७ ते १९९० चालले. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हलवावा लागला, ५८ हेक्टर भराव झाला आणि ४८ अब्ज येनांवर खर्च आला. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४ मध्ये आखाताच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. अधिकृतपणे रोगी ठरलेले सव्वीसशेही नाहीत, बावीसशेंच्या वर आहेत. आणि मान्यता न मिळालेले हजारोंनी न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिले.

पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय कराराला २०१३ मध्ये या गावाचेच नाव दिले गेले. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. आमच्या खाडीत पारा आहे, असा आमचा आरोप नाही. वसाहतीच्या पाण्यात काय आहे ते आम्हांला सांगा, पाण्याबरोबर चिखल आणि मासेही तपासा, आणि सांगेपर्यंत नळ लांब नेऊ नका, एवढेच कोळीवाड्याच्या अर्जात लिहिले आहे.

१ मे २०२४ रोजी मिनामातात मृतांचे स्मरण झाल्यावर रोग्यांची पर्यावरणमंत्र्यांशी भेट होती. प्रत्येकाला तीन मिनिटे. एक वृद्ध गृहस्थ आपल्या पत्नीच्या मृत्यूची हकीकत सांगत असता वेळ संपला आणि अधिकाऱ्यांनी त्यांचा ध्वनिक्षेपक बंद केला. आठवड्याने मंत्री पुन्हा तेथे जाऊन क्षमा मागून आले. अडुसष्ट वर्षांनंतरही बोलण्यास तीन मिनिटेच. आमच्या सभागृहातल्या त्या दोन वृद्धांना तर तीही मिळाली नव्हती.

अर्ज धर्मग्रामाच्या कार्यालयात टेबलावर ठेवला आहे. आजपर्यंत त्यावर ४१ सह्या व ९ अंगठे आहेत. सुस्वभावी गृहस्थांची सही अजून नाही; आमची काल झाली.