कंबरदुखीची गोळी

लासलगावच्या कांद्याचा भाव दुपारपर्यंत देशभर मोबाइलवर पोचतो. तिथल्या पेशंटचे कागद मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतच. २०२२पासून १४४१६वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन मराठीतही बोलते, ही सोय मोठीच. पण नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञाने व्हिडिओवरून लिथियम चालू ठेवलं आणि कांदाकाढणीत कंबर धरली म्हणून गावातल्या डॉक्टरने आयबुप्रोफेन लिहून दिली, तर रक्तातलं लिथियम धोक्यापर्यंत चढू शकतं. दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दिसायला हवी; ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याचा १४ अंकी क्रमांक त्यासाठीच आहे. तो नुसता काढून ठेवून भागत नाही, दोन्हीकडच्या नोंदी त्याला जोडाव्या लागतात. नोंदी जोडायला लोक बिचकतात, तेही उगाच नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला खरा, पण केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग उभी असताना ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारलं, की कसली गोपनीयता!