रीस्टार्ट मारा, होईल चालू!

"अधूनमधून होतं हो असं. सर्व्हर रीस्टार्ट मारा, होईल चालू." आमच्या धंद्यात हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं, की जणू सर्व्हरला पित्ताचा त्रास आहे!

अधूनमधून काहीही होत नसतं, मंडळी. एक वस्तू दोघांनी एकाच क्षणी हाताळली की होतं. मावशी, तुझ्यासाठी सांगते: दुकानात पाच साड्या शिल्लक. दोन विक्रेत्यांनी एकदमच वहीत "पाच" वाचलं, दोघांनी एकेक विकली आणि दोघांनीही "चार" लिहिलं. वही खोटी, आणि गुन्हेगार कोणीच नाही.

जुन्या एएसपीच्या काळात याचं खापर व्हीबी ६ वर फोडायची फॅशन होती. (१९९८ ची भाषा, बिचारी उत्तर द्यायला येत नाही.) वास्तविक व्हीबी प्रामाणिक होती. तिची कॉम ऑब्जेक्ट्स रजिस्ट्रीत स्वतःवर "अपार्टमेंट" असा शिक्का मारून घेत. अर्थ एवढाच, की मी ज्या थ्रेडवर जन्मले त्याच थ्रेडवर काम करीन. तरी लोक ती सेशनमध्ये कोंबत. मग सलूनमध्ये "आमचा नेहमीचाच कारागीर हवा" म्हणून अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकासारखं व्हायचं. आयआयएस ५ प्रत्येक प्रोसेसरमागे २५ थ्रेड देई. त्यातले बाकीचे माश्या मारत बसलेले असले तरी त्या माणसाची प्रत्येक विनंती त्या एकाच थ्रेडच्या रांगेत. साइट हळू? घ्या नवा सर्व्हर!

माझा खरा राग "बोथ" या दुसऱ्या शिक्क्यावर आहे. कुठल्याही थ्रेडवरून बोलवा, कुलुपं माझी मी सांभाळीन, असं वचन त्यात आहे. पण हे वचन तपासतं कोण? कोणीच नाही! रजिस्ट्रीतला तो एक शब्द. लिहिणाऱ्याने लिहिला की विंडोज डोळे मिटून मानतं. आतला ग्लोबल व्हेरिएबल उघडाच असला तरी.

जावावाल्यांनी हसू नये. तुमच्या सर्व्हलेटची साधारणपणे एकच प्रत असते आणि सगळे थ्रेड तिच्यातूनच धावतात. वापरणाऱ्याचं नाव तिच्या फील्डमध्ये ठेवलं, की एकाची पगारपत्रिका दुसऱ्याच्या पडद्यावर. सिंपलडेटफॉरमॅट हा तारखांचा क्लास अनेक थ्रेडांत वाटून वापरू नका, असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. वाचतो कोण? तारखा चुकल्या की "डेटाच खराब आला असेल".

"टेस्टिंगमध्ये तर आलं नाही" हा आणखी एक लाडका बचाव. एकट्याने माउस दाबत केलेल्या टेस्टिंगमध्ये दोघांची टक्कर होणार तरी कशी? शंभर जणांचा लोड एकदम टाका, मग बोलू.

आणि रीस्टार्टने नेमकं काय होतं? रांगा रिकाम्या होतात, मेमरीतला घोळ पुसला जातो, आणि त्यासोबत पुरावाही. चुकीची वजाबाकी तोवर डेटाबेसात जाऊन बसलेली असते, ती तशीच राहते. महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही म्हणून ज्या अकाउंटंटला रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतात, त्याला थ्रेड म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंसुद्धा नसतं.