मयतीच्या मेसेजनंतर

मयतीचा मेसेज येतो : नाव, गाव, जनाज्याची वेळ. खाली ‘इन्ना लिल्लाहि’ची रांग लागते आणि असरपर्यंत माणूस वर सरकून जातो. कबर कच्ची, काही वर्षांत तीही ओळखू येत नाही. हा साधेपणा मला पटतो. पण मग आठवण ठेवायची कुठे?

सातारा-सांगलीत आपली आडनावंच कामं सांगतात : पिंजारी, तांबोळी, बागवान, शिकलगार. मिरजेत शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनीच एकोणिसाव्या शतकात सतारी घडवायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला जीआय मानांकन मिळालं. फरीदसाहेबांचं नाव राहिलं. भोपळे पारखणाऱ्या कितीतरी हातांचं नाही. वडूज-विट्यातले कापूस पिंजणारे, घरी मुलींना कुरआन शिकवणाऱ्या खाला तर कुठल्याच कागदावर नाहीत.

नवव्या शतकात इब्न साद यांनी हजारो माणसांची चरित्रं नोंदवली. एक अख्खा भाग बायकांचा. ही रीत आपलीच आहे. पुढच्या जनाज्याहून परतल्यावर घरच्यांना विचारा : काय काम करायचे, कुणाच्या अडीअडचणीला धावले, कशावर हसायचे? दहा ओळी मराठीत लिहा. आपण या मातीत कसे जगलो, हे दुसऱ्यांनी सांगायची वाट कशाला पाहायची?