जुना बोलपट आणि घरची मंडळी

चित्रपट पाहणे ही एके काळी तिथीवार ठरलेली गोष्ट होती. गावात एखादा खेळ लागे, दोन-तीन आठवडे चाले आणि निघून जाई. ज्यांचा हुकला त्यांचा हुकला. मुंबईत १९३३ साली रीगल आणि १९३८ साली मेट्रो व इरॉस ही चित्रपटगृहे उघडली, तेव्हा हॉलिवूडचे बोलपट तेथे थाटाने लागत. पण तो थाट अनुभवण्यासाठी मुंबईसच असावे लागे. १९७५ साली बीटामॅक्स आणि १९७६ साली व्हीएचएस या फिती जपानात निघाल्या, त्यांच्यामागून १९९६ साली डीव्हीडी आली, आणि प्रेक्षकाच्या हाती प्रथमच एक नवी सत्ता आली. पाहिजे तो चित्रपट पाहिजे तेव्हा लावण्याची, आणि पाहिजे तेथे थांबवण्याची.

या थांबवण्याविषयी आज थोडे लिहावयाचे आहे.

फ्रँक कॅप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा बोलपट १९४६ च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रदर्शित झाला. बेडफर्ड फॉल्स नावाच्या लहानशा गावात जॉर्ज बेली हा गृहस्थ गोरगरिबांना घरासाठी कर्ज देणारी एक पेढी चालवतो. जग पाहण्याची त्याची हौस कर्तव्यापायी मनातच राहते. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या वृद्ध काकांच्या हातून पेढीचे आठ हजार डॉलर गहाळ होतात. हिशेब तपासणारा अधिकारी दारात उभा, आणि रक्कम गावच्या लोभी सावकाराच्या हाती पडलेली. आपण जन्मलोच नसतो तर बरे झाले असते, असे जॉर्जला वाटू लागते. मग एक देवदूत येऊन, त्याच्यावाचून हे गाव कसे झाले असते ते त्याला दाखवतो. जॉर्जची भूमिका जेम्स स्ट्युअर्ट यांनी व त्याची पत्नी मेरी हिची डॉना रीड यांनी केली आहे.

चित्रपटाला ऑस्करची पाच नामांकने मिळाली, पण तिकीटखिडकीवर त्याने फारसे यश पाहिले नाही. १९५२ साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा अमेरिकेच्या वतीने कॅप्रा स्वतः येथे आले होते. त्या वेळी हे चित्र जवळजवळ विस्मरणात गेले होते. त्याचे भाग्य उघडले ते एका चुकीमुळे. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार स्वामित्वहक्क २८ वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे. १९७४ साली ती नोंदणी करावयाची राहून गेली. फुकट मिळालेले चित्र दूरदर्शन केंद्रे नाताळात वारंवार दाखवू लागली, आणि घरोघरच्या माणसांनी त्याला आपले म्हटले. पुढे १९९३ साली मूळ कथेच्या व संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन त्यावरील ताबा परत मिळवण्यात आला. आज अमेरिकेत दर डिसेंबरात ते चित्रपटगृहांतून लागते, आणि न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गावात त्याच्या नावाचा उत्सव भरतो. बेडफर्ड फॉल्स म्हणजे आपलेच गाव, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे आईवडील इंदूरहून दिल्लीस आमच्याकडे आले होते. थंडीचे दिवस होते. रात्रीच्या जेवणानंतर मी या चित्रपटाची डीव्हीडी लावली. आईला इंग्रजी फारसे समजत नाही, म्हणून अवघड प्रसंगी मी हळू आवाजात अर्थ सांगत होतो. भाषांतर हा माझा रोजचाच व्यवसाय. अण्णा खुर्चीत स्वस्थ बसले होते. त्यांनी बँकेत रोखपाल म्हणून तीस वर्षे काढली आहेत.

काकांचे पैसे हरवले. जॉर्ज आणि काका बर्फातून वाट शोधीत फिरू लागले. अण्णा एकदम म्हणाले, “थांबव जरा.”

मी चित्र थांबवले. मला वाटले, त्यांना पाणी हवे असेल. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू दुसरीत होतास. एके दिवशी संध्याकाळी माझ्या गल्ल्यात साडेचार हजार कमी भरले. चार वेळा मोजले. कुणाला जास्त दिले गेले, ते शेवटपर्यंत कळले नाही. वर्षभर पगारातून भरले.”

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली. “मला कधी बोलला नाहीत!”

“काय सांगणार होतो?”

“माझ्या पाटल्या होत्या ना,” आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “त्या वर्षी तुम्ही दिवाळीला स्वतःला काही घेतले नव्हते. मला वाटले, तुम्हांला हौसच राहिली नाही.”

मी पुन्हा चित्र सुरू केले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, शेवटी जॉर्जला वाचवते ती मेरी. नवरा संकटात आहे हे कळताच ती गावभर फिरते, सांगते, मागते. आणि शेजारीपाजारी खिसे रिकामे करीत तिच्या घरी येतात. त्या दृश्याचे भाषांतर करण्याची वेळ माझ्यावर आली नाही. आईला ते सर्व समजले होते.

चित्रपटगृहात हे घडले नसते. तेथे चित्र कुणासाठी थांबत नाही, आणि त्याचेही एक मोल आहे. शेकडो अनोळखी माणसे एकाच क्षणी हसतात, तेव्हा आपले हसू मोठे होते. म्हणून आपल्या गावी चित्रपट मंडळ असेल, महोत्सव भरत असेल, तर जुन्या चित्राचा खेळ चुकवू नये. पण घरी पाहावयाचे तर काही पथ्ये पाळावीत. दिवे मालवावेत. चित्र पुरे आहे ना ते पाहावे. हे चित्र सुमारे १३० मिनिटांचे आहे. ते कृष्णधवलच पाहावे. पुढे त्याची रंगवलेली आवृत्ती निघाली, ती कॅप्रा व स्ट्युअर्ट या दोघांनाही रुचली नव्हती. बर्फाकडेही लक्ष द्यावे. त्या काळी रंगवलेल्या कॉर्नफ्लेक्सचे बर्फ करीत, आणि ते पायाखाली कुरकुरले की संवाद ऐकू येत नसत. येथे आग विझवण्याच्या फेसात साबण व पाणी मिसळून मूक बर्फ बनवले, आणि चित्रण झाले ते १९४६ च्या ऐन उन्हाळ्यात!

सर्वांत महत्त्वाचे पथ्य शेवटी. घरातील वडील माणसांना बरोबर घेऊन पाहावे, आणि कुणी “थांबव जरा” म्हणाले तर कुरकुर न करता थांबवावे. चित्र पुन्हा सुरू करता येते. मनात आलेली गोष्ट पुन्हा ओठांवर येईलच, असे नाही.