पत्रा ठोकायचा की बदलायचा?

सोयाबीनचा हंगाम आला की लातूरच्या बाजार समितीकडे जुन्या पिकअपची रीघ लागते. अर्धापूरची केळी, नांदेडची हळदही याच गाड्या वाहतात. दहा-बारा वर्षे राबलेल्या अशा गाडीला अहमदपूर-लोहा रस्त्यावर कुणी घासून गेले, की मालक पेचात पडतो. शोरूमचे वर्कशॉप बहुधा नवा भाग सुचवते. जुन्या गाडीसाठी तो सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो.

आधी विम्याचा हिशेब पाहावा. साध्या सर्वंकष पॉलिसीत धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार घसारा कापतात: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांपुढे ५० टक्के. म्हणजे नव्या दरवाजाची निम्मी किंमत मालकाच्याच खिशातून जाते. मजुरीवर मात्र घसारा नाही, आणि डेंटिंग हे मुख्यतः मजुरीचेच काम. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर सगळाच खर्च मालकाचा.

मराठवाड्याची हवाही दुरुस्तीला अनुकूल आहे. कोकणातला खारा वारा आणि मुसळधार पाऊस इथे नाही, त्यामुळे बाहेरचा पत्रा बरीच वर्षे शाबूत राहतो. गंज धरतो तो हौद्याच्या तळाला आणि दरवाजाच्या खालच्या कडेला. युरियाचे दाणे फटीत अडकतात, हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा खात जातात.

अशा जागी ठोकाठोकीचा उपयोग नाही. चाळण झालेल्या पत्र्यावर पुट्टी फासणे ही सरळसरळ फसवणूक आहे. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी जाड थर तडकतो आणि पाणी आत मुरते. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा, आतून रेड ऑक्साइड मारावा. पुट्टी लागण्याआधी मालकाने स्वतः जाऊन उघडा पत्रा पाहावाच.

मडगार्ड आणि बॉनेट नटबोल्टवर बसतात; फार चुरगळले तर खुशाल बदलावेत. केबिनचे खांब वाकले असतील, तर तिथे पैशाकडे पाहूच नये. आत माणूस बसतो.

ताणलेला पत्रा गॅसने तापवायचा, ओल्या फडक्याने आकसवायचा, मागे डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा धरून हातोडीने सरळ करायचा, हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. ऑटो बॉडी रिपेअर हा एक वर्षाचा ट्रेड आयटीआयच्या अभ्यासक्रमांत आहे. लातूर-नांदेडच्या मुलांनी तो निवडावा, यासाठी संस्थांनी गॅरेजमधल्या जुन्या उस्तादांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे.