काऊचं घर शेणाचं का होतं?

चिऊ-काऊची गोष्ट माहीत नाही असं मराठी मूल विरळाच. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊचं दार ठोठावतो आणि चिऊ बाळाची एकेक कामं सांगत त्याला बाहेर भिजत ठेवते.

याचं तात्पर्य दोन प्रकारे सांगतात. काऊ आळशी, पक्कं घर बांधलं नाही म्हणून भोगलं. किंवा काऊ लबाड, म्हणून दार न उघडणारी चिऊ शहाणी. दोन्हींत दोषी एकच, जो भिजतो तो. आम्हाला हे मान्य नाही.

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात हंगामात फिरून पाहा. घोड आणि भीमेच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला बीड-नगरकडची कुटुंबं येतात, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत राहतात. अवकाळी आला की कोपी गळते. अंधारात उठून फडात जाणाऱ्या या माणसांना आळशी म्हणायचं? गोष्टीतलं मेणसुद्धा चिऊनं केलेलं नसतं, ते मधमाश्यांच्या कष्टाचं असतं.

शिकलं, राबलं की दार उघडतं, हेही खरं नाही. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावून लावलं, मित्रांनीही घरात घेतलं नाही. तिथे आळस नव्हता, जात आडवी आली होती.

काही कार्यकर्ते म्हणतात, ही गोष्ट मुलांना सांगूच नका. पण आपण गप्प बसलो म्हणून ती थांबत नाही. अंगणवाडीत, आजीच्या मांडीवर ती मुलांना भेटतेच. परंपरेनं चालत आलं एवढ्यावर काही स्वीकारू नका, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. तेव्हा विहारातल्या वर्गात गोष्ट जरूर सांगा. तात्पर्य मात्र सांगू नका. काऊकडे शेणच का होतं आणि दार उशिरा का उघडलं, हे मुलांनाच विचारा.

आणि मित्रांनो, काऊ म्हणजे आपण, चिऊ म्हणजे ते, अशी सोपी वाटणीही नको. आज आपल्यातल्याही काहींची घरं मेणाची झालीत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल खंत बोलून दाखवली, ती आपल्यासाठीच. उद्या कोपीतलं मूल विहाराच्या दारात आलं, तर आपण कोणतं काम सांगून त्याला थांबवणार आहोत?

जय भीम!